उदेभान तरोणे आणि वैनगंगेची थडी

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. भासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यासमोर बोलायचं नाही, ते अंगणात आले की आपण आत व्हायचं, अशी त्या काळची रीत. आता मी म्हातारी झाले आणि ते जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, म्हणून नाव घेते. माझे भासरे उदेभान तरोणे. आमचं गाव पिपरघाट, तिरोड्याच्या बाजूला, वैनगंगेच्या अगदी काठावर.

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा मालगुजारी अजून सुरू होती. आल्या दिवशी भासऱ्यांचा आवाज ऐकला, तो एकाच शब्दाचा. बाहेर कोणी तरी काही सांगत होतं आणि हे म्हणत होते, "नाई." तो माणूस पुन्हा काही बोलला. हे पुन्हा म्हणाले, "नाई म्हनलो ना." मला वाटलं, मोठं भांडण लागलं आहे. मी घाबरून सुमित्राबाईंकडे पाहिलं. सुमित्राबाई म्हणजे भासऱ्यांची बायको, माझी मोठी जाऊ. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "भिऊ नोको. तो मानूस जेवाले बोलावून राहिला. आता जातीन."

आणि खरंच, थोड्या वेळानं भासरे खांद्यावर दुपट्टा टाकून जेवायला गेले.

असा त्यांचा स्वभाव. आधी नाही म्हणायचं, मग ऐकून घ्यायचं. शाळेचं घर बांधायचं ठरलं तेव्हा जागेवरून त्यांनी सगळ्या गावाशी वाद घातला आणि हरले. पण कवेलू चढवायच्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी छपरावर कोण, तर हेच. सरपंच भैयाजी खालून ओरडले, "काऊन जी उदेभान, तुले तं शाळा पायजे नोती!" हे वरून म्हणाले, "जागा चुकली असं म्हनलो. छप्पर गळावं असं कोनी म्हनलं?"

गावाखाली नदी वळण घेते. त्या वळणात पाणी ओसरलं की रेतीचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्याला आम्ही थडी म्हणतो. वरच्या अंगाला गवताळ जागा, दोन-तीन जुनी जांभळं, मग उतार, मग रेती, मग पाणी. सगळं गाव थडीवर जायचं. ढिवरटोली म्हणजे मासे धरणाऱ्यांची वस्ती. तिथले लोक थडीवर जाळी वाळवायचे, डोंगा म्हणजे नाव बांधून ठेवायचे, उन्हाळ्यात रेतीत डांगर-टरबुजांची डांगरवाडी लावायचे. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, तिथं भरायची, रात्रभर दंडारीचं नाचगाणं चालायचं. बाया पाणी भरायला, धुणं धुवायला, आंघोळीला तिथंच. गुरंही तिथंच. पूर्वी थडी मालगुजाराची होती. मालगुजारी गेली आणि थडी गावाची झाली. पण गावाची म्हणजे नक्की कोणाची, ते कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला जसं जमलं तसं तो वापरत होता.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात चुन्नीलाल सायकल ढकलत गावात आला. हा आमचा ग्रामसेवक. गोंदियाचा मुलगा, अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचा. नेहमी घाईत, पण मनानं चांगला. त्यानं सांगितलं की, विकास गटाकडून नदीकाठासाठी मदत मिळणार आहे. मात्र गावानं आधी बसून ठरवायचं की पुढच्या वीस वर्षांत थडीचं काय करायचं.

चावडीवर सभा भरली. मी तिथं नव्हते, बाया जातच नव्हत्या. पण चावडी आमच्या घराला लागून, मधे एक कुडाची भिंत. सुमित्राबाई आणि मी भिंतीला कान लावून तांदूळ निवडत होतो.

भैयाजींना मंडईसाठी दगडी मंच पाहिजे होता. मोठा, तुमसरच्या लोकांनी येऊन पाहावा असा. कोणाला शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवायला सरळ दान, म्हणजे धावपट्टी, पाहिजे होती. कोणी म्हणे, दुकानांची ओळ काढा. सगळं जवळजवळ ठरत आलं. बैलांची दान आमच्या बांधाला खेटून जाणार होती. ते ऐकल्याबरोबर भासरे उठले असावेत, कारण आवाज एकदम वरून आला.

"नाई."

"आता काऊन नाई?" भैयाजी वैतागले.

भासऱ्यांनी बांधाची गोष्ट काढली असती तर लोक हसले असते, हे त्यांना कळत होतं. म्हणून सुचलं ते बोलले. "थडीवर सबन गाव जाते. इथं बसलं कोन? ढिवरटोलीचा एक तरी मानूस हाये का? बाया तं दिवसातून दोनदा जाते, त्याईले कोनी इचारलं?"

मग भैयाजी म्हणाले, "बरं बापा. मंग तूच इचार. घरोघर जा न इचारून ये."

सगळे हसले. भासरे म्हणाले, "नाई, मी कायले..." पण तेवढ्यात चुन्नीलालनं टाळी वाजवली. "वा तरोणेजी! सबकी राय लेना है, हेच तर मला पायजे होतं. उन्हाळ्यापर्यंत सांगा."

भिंतीच्या अलीकडे सुमित्राबाईंनी तोंडाला पदर लावला होता. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्या मानसाले इचाराले धाडलं," त्या म्हणाल्या. "हे ऐकतीन कोनाचं?"

आणि पहिले काही दिवस तसंच झालं. भासरे एखाद्याच्या अंगणात जायचे, प्रश्न विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. लोक मान हलवून मोकळे व्हायचे. घरी येऊन भासरे सांगायचे, "सगळ्याईचं मत माह्यासारखंच हाये."

ढिवरटोलीत मात्र त्यांना झाडूबुवा भेटले. झाडू मेश्राम हे डोंगा चालवणारे म्हातारे. त्यांनी आयुष्यभर लोकांना या काठावरून त्या काठावर नेलं होतं. ही गोष्ट भासऱ्यांनी नंतर स्वतःच घरी सांगितली, म्हणून मला ठाऊक. भासरे तिथं उभ्या उभ्या बराच वेळ बोलत होते. झाडूबुवा जाळं विणत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पाटील, तुमी इचाराले आले का सांगाले आले?"

भासरे म्हणाले, "इचाराले."

"मंग बसा ना."

ते बसले. झाडूबुवांच्या सुनेनं लोट्यातून पाणी दिलं. झाडूबुवा पुन्हा जाळं विणू लागले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. भासऱ्यांना गप्प बसायची सवय नव्हती. पण त्या दिवशी ते बसून राहिले. मग म्हातारा हळूहळू बोलू लागला. मंच बांधायचा म्हणतात तिथंच डोंगा लागतो, कारण दुसरीकडे काठाला चिखल आहे. बैलांची दान रेतीतून काढली तर डांगरवाडी जाईल, मग उन्हाळ्यात टोलीनं खायचं काय? हे सांगून झाल्यावर म्हणाला, "वीस सालानं मी तं नाई राहीन जी. पन इचारलं, बरं वाटलं."

त्या दिवशी भासरे घरी आले ते काही न बोलता जेवले. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "दादा, तब्येत बरी नाई का?" ते म्हणाले, "बरी हाये. ऐकून आलो."

पुढची अडचण बायांची. भासरे कोणाच्या दारात उभे राहिले की बाया पदर ओढून आत जायच्या. "घरच्याले इचारा" एवढंच उत्तर. बाप्यांना विचारावं तर ते म्हणत, "बायाईले का समजते?" भासरे चिडायचे, पण करणार काय! मग त्यांनी सुरुवात आमच्याच घरापासून केली.

एका दुपारी ते अंगणात आले. मी आत सरकले. त्यांनी खाट फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून गोठ्याकडे तोंड करून बसले. मोठ्यानं म्हणाले, "लहान बाईले इचार, थडीवर तिले का पायजे."

सुमित्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोक्यानंच नाही म्हटलं. या घरात इतकी वर्षं झाली होती, पण त्या माणसाच्या कानावर माझा शब्द कधी पडला नव्हता. सुमित्राबाई म्हणाल्या, "रुख्मा, बोल. पाठीले का भ्याचं?"

मी सुमित्राबाईंच्या कानात सांगितलं. त्या मोठ्यानं सांगायच्या. "रुख्मा म्हन्ते, आंगधुवाची जागा आडोशाची पायजे. बाया ओल्या लुगड्यानं राहते न डोंग्यातले मानसं पाहत जाते."

पाठ हलली नाही. "आनखी?"

"ते म्हन्ते, उतारावर पाय घसरते."

मला राहवलं नाही. मी कानात सांगायचं विसरले आणि सरळ बोलून गेले, "दोन घागरी घेऊन वर चढावं लागते जी! मागच्या पावसात मी पडली तं पोटात सहा महिन्याचं होतं. ते पोर गेलं. पायऱ्या पायजे."

गोठ्यात बैल घंटा हलवत होता, तेवढाच आवाज. माझं पोर गेलं हे त्यांना माहीत होतं. का गेलं, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाप्यांना अशा गोष्टी सांगत नसत. भासरे बसले होते तसेच बसून राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पायऱ्या. बरं बाई." उठले आणि मागं न पाहता बाहेर गेले.

त्यानंतर त्यांनी सगळ्या गावात हीच रीत धरली. अंगणात जाऊन पाठ फिरवून बसायचे. कधी कुंपणाकडे तोंड, कधी रस्त्याकडे, कधी तुळशीकडे. पोरं त्यांना पाठमोरे पाटील म्हणू लागली. पण बाया बोलू लागल्या. समोर चेहरा नसला की माणूस किती बोलतो, ते तेव्हा कळलं. थडीचं बोलता बोलता सासूचं बोलायच्या, नवऱ्याच्या दारूचं बोलायच्या, एकीनं तर पाठीला सगळं माहेर सांगितलं. भासरे हं हं करत ऐकायचे. एरवी अर्धं ऐकून तोडणारा माणूस! होळीपर्यंत असं झालं की ज्यांच्याकडे ते गेले नव्हते त्या बायाच निरोप पाठवू लागल्या, आमच्या घरी काऊन नाई आले?

सगळं गाव विचारून झालं. एका संध्याकाळी जेवताना भासऱ्यांचा हात ताटात थांबला. सुमित्राबाई भात वाढत होत्या. भासऱ्यांनी विचारलं, "तुझं का?"

"माझं का राहते? वरन देऊ?"

"थडीवर तुले का पायजे, ते इचारून राहिलो."

सुमित्राबाई हसल्या. मला वाटलं, विषय टाळतील. पण त्या पळी हातात घेऊन बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मले बसाचं हाये."

"कुठं?"

"थडीवर. काई काम न करता." त्या ताटाकडे पाहत बोलत होत्या. "बाईमानूस थडीवर जाते ते घागर घेऊन, नाई तं धुनं घेऊन. रिकाम्या हातानं गेली तं लोक इचारते, काऊन आली? आपली नंदा पल्याड देली. जांभुळाखालून तिच्या गावची आमराई दिसते. संध्याकायी तिथं चुली पेटते तं धूर दिसते. मी धुनं धुता धुता पाहते. कधी वाटते, घडीभर बसून पाहावं."

नंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. मधे फक्त नदी, पण सासरचे लोक वर्षातून एकदाच पाठवायचे.

भासरे म्हणाले, "इतके साल झाले. सांगितली काऊन नाई?"

"तुमी इचारले नाई. आन सांगितली असती तं तुमी नाईच म्हनले असते."

त्यांनी भात संपवला, हात धुतला आणि ओसरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथूनच आवाज आला, "धूर कोन्त्या बाजूनं दिसते म्हनली?"

दुसरी सभा थडीवरच घ्यायची, हा हट्ट भासऱ्यांचा. चैत्र सरत आला होता, नदी आक्रसून पलीकडच्या काठाला गेली होती. दिवस कलला तसं गाव उतरून आलं. पुरुष रेतीत बसले, ढिवरटोलीचे लोक डोंग्याजवळ, आणि बाया जांभळाखाली. बायांना सभेत पाहून काही म्हातारे कुरकुरले. पण थडीवर तर बाया रोजच येत, त्यांना हाकलणार कसं?

चुन्नीलालनं एक कागद उलगडला. वाऱ्यानं तो काही हातात राहीना. मग त्यानंच डोकं लढवलं. म्हणाला, "कागज रहने दो. रेतीतच काढू." चुलीतली राख मागवली. जिथं मंच पाहिजे तिथं खरोखरच मंचाएवढी राखेची रेघ, जिथं बैलांची दान तिथं लांबलचक दोन रेघा. लोक उठून त्या रेघांतून फिरू लागले. भैयाजी आपल्या मंचाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांचं त्यांनाच दिसलं की डोंगा लागायला जागाच उरत नाही.

झाडूबुवा नुसते डोंग्याला हात लावून उभे होते. भैयाजींनी कपाळ पुसलं. "सरकवा बापा मंच वर," ते म्हणाले. लोकांनी पायानंच रेघ पुसली आणि वर नवी ओढली. बैलांची दान गायरानाकडे गेली. त्यावर बरीच बाचाबाची झाली, एक-दोघं उठूनही गेले.

मग पायऱ्यांची पाळी आली. उतार कुठं कमी आहे ते सगळ्यांना माहीत होतं. वाट आमच्या धुऱ्याच्या बांधीतून, म्हणजे कडेच्या शेतातून, काढली तरच पायऱ्या सोप्या होणार होत्या. राख घेतलेला माणूस बांधापाशी येऊन थांबला. धानाची चांगली बांधी ती, घरच्या खाण्याचा चिन्नोर तांदूळ आम्ही तिच्यात लावायचो. सगळ्यांनी भासऱ्यांकडे पाहिलं.

भासऱ्यांनी तोंड उघडलं. "ना..." एवढंच निघालं. मग हात वर करून म्हणाले, "थांबा. सवयीनं आलं ते. इचार करू द्या."

सगळी थडी हसली. बायांकडून सगळ्यात मोठं हसू आलं. भासरे वाकले, माणसाच्या हातातली राखेची टोपली घेतली आणि स्वतःच्या बांधीतून स्वतः रेघ ओढत वर गेले. रेघ वाकडीतिकडी झाली, कारण ते खाली पाहून चालत नव्हते. माझ्या नवऱ्याला मात्र राग आला होता. जमीन त्याचीही होती. त्यानं रात्री घरी तोंड फुगवलं. पण मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि विषय सोडला.

ठरलं ते सगळं झालं असं नाही. मदत निम्मीच आली. श्रमदानानं पायऱ्या झाल्या, आंघोळीच्या जागेला छातीएवढी दगडी भिंत झाली, कडेनं करंज आणि कडुलिंब लावले. जांभळाभोवती गोल पार बांधला. भैयाजींचा मंच मातीचा झाला. त्याच वर्षी पूर आला आणि तो मंच आणि खालच्या काही पायऱ्या घेऊन गेला. दिवाळीनंतर मंडई भरली, दंडार पहिल्यासारखी रेतीतच झाली. भैयाजी काही दिवस उदास होते. भिंतीला पुरानं धक्का लावला नाही. पायऱ्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बसवल्या.

पुराच्या आधीच, पारावर सुमित्राबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा रिकामी घागर घेऊन गेल्या. लाज वाटत होती. घागर शेजारी ठेवून बसल्या, पलीकडे पाहिलं, आणि कोणी येताना दिसलं की उठून घागर काखेत घ्यायच्या. असं काही दिवस चाललं. मग आणखी एक म्हातारी येऊन बसू लागली, मग टोलीतल्या दोघी. मीही जायची. सुमित्राबाईंची घागर घरीच राहू लागली. पाऊस धरेपर्यंत संध्याकाळी पार बायांनी भरलेला असायचा. कोणी काऊन आली म्हणून विचारत नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यायला तोंडं पुष्कळ होती.

भासरे कधी पारावर आले नाहीत. बायांची जागा ती. पण वरच्या बांधीत संध्याकाळी त्यांना काही ना काही काम निघायचं.

झाडूबुवा त्या पुराच्या वर्षीच, हिवाळ्यात गेले. भासरे दिवसभर ढिवरटोलीत होते. परत आले तेव्हा त्यांच्या दुपट्ट्याला जाळ्याचा दोरा अडकलेला होता. तो त्यांनी काढला नाही, सुमित्राबाईंनी काढला.

साठ साल लागलं. उन्हाळ्यात पलीकडून निरोप आला की नंदाला दिवस गेलेत, पहिलं बाळंतपण माहेरी होईल. ती येणार त्या संध्याकाळी पारावर जागा नव्हती. झाडूबुवांच्या मुलाचा डोंगा मध्यावर आला तेव्हा सुमित्राबाई उभ्या राहिल्या. डोंग्यात नंदा, तिचा दीर आणि एक पत्र्याची पेटी. काठाला लागताच बायांनी तिला दोन्हीकडून धरलं. एकेक पायरी थांबत थांबत ती वर चढू लागली, मी तिच्या मागं हात धरून.

अर्ध्या वाटेवर भासरे धावत खाली आले. त्यांनी दिराच्या हातातली पेटी ओढून घेतली आणि डोक्यावर ठेवली. नंदा म्हणाली, "बाबा, जड हाये, राहू द्या."

ते पुढं चालू लागले, आणि मग वळून माझ्याकडे पाहून सरळ म्हणाले, "रुख्मा, तिले सावकास आन. घाई नाई."

त्यांनी मला नावानं हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. मी म्हणाले, "आनते जी, तुमी व्हा पुढं." आणि नंदाचा हात घट्ट धरून पुढची पायरी चढले.